डावा कान

एकतीस वर्षं मी लोकांना उभं करतेय.
खरं तर तेच उठतात. मी कमरेच्या पट्ट्यात
दोन बोटं अडकवून मागे थांबते
आणि पडायचा प्रश्नच नाही असा चेहरा ठेवते.

सुरुवात मिनियापोलिसला, भाजलेल्यांच्या वॉर्डात.
नवी कातडी रात्रीतून आखडते,
सकाळी ती ताणायची, रोज थोडी,
आणि माणूस आईवरून शिव्या घालत असला
तरी आकडे चुकू द्यायचे नाहीत. अठरा. एकोणीस.
शिव्यांची सवय झाली.
मग सहा वर्षांची एक मुलगी आली. ती थँक यू म्हणायची,
प्रत्येक ताणानंतर.
मी डलूथला परत आले.

मग हात. एका हातात सत्तावीस हाडं,
आणि आमच्या गावात ती मोडायच्या वाटा त्याहून जास्त:
बर्फ उडवायचं यंत्र, बोटीचा दोर,
लाकूड फोडताना मेव्हण्याशी घातलेला वाद.
गरम पाण्यात प्लास्टिक मऊ करायचं,
मनगटावर बसवायचं, थंड होईपर्यंत धरून ठेवायचं.
इतका वेळ मी कुणाचाच हात धरला नव्हता,
ग्लेनचासुद्धा नाही.
तो गेला तेव्हा ट्रेलर घेऊन गेला. गॅरेजात
देवदारच्या फळ्या राहिल्या, आणि अर्धी होडी.

कानात वाळू असते हे कळलं चाळिशीत.
चुन्याचे बारीक खडे, जागचे सुटले
की नको त्या नळीत शिरतात
आणि धडधाकट माणूस गादीला घट्ट धरून बसतो.
तेव्हापासून तोल हेच माझं दुकान.

टोइव्हो रांताला तिथेच भेटला.
अडतीस वर्षं लोहखनिजाच्या जहाजांवर,
आता काठीवर, पाय फाकून,
जणू वाणसामानाच्या दुकानात फरशीखाली लाटा आहेत.
भिंतीवरच्या अक्षरावर नजर रोखून मान हलवायची,
असा व्यायाम दिला. त्याने अक्षर फाडून
तिथे जुन्या जहाजाचा फोटो चिकटवला.
ऑक्टोबरात काठी सुटली.

पाचनंतरचं विचारता? गोठलेल्या सरोवराला भोक पाडून
बसते. मासे मला ओळखतात, येत नाहीत.
शनिवारी बहिणीकडे सौना, घाम, तिच्या नवऱ्याच्या तक्रारी.
इतरांना सांगितलेले व्यायाम मी करत नाही.
हे आपल्यातच राहू द्या.

फेब्रुवारीत एका पहाटे कूस बदलली
आणि छत फिरायला लागलं.
डावा कान. दिवा लावायच्या आधीच कळलं.
इलाज हजारदा केलेला, दुसऱ्यांवर.
पण स्वतःचे डोळे स्वतःला दिसत नाहीत,
ते थांबले की नाही हे कुणीतरी सांगावं लागतं.
फोन चाचपला. बहीण तासावर.
टोइव्हो दोन गल्ल्यांवर.

तो बुटांना खिळे बांधून आला, बर्फावरून, काठीविना.
मी मान डावीकडे वळवून मागे पडले,
डोकं पलंगाच्या कडेवरून खाली.
"नाचतायत," तो म्हणाला.
"थांबले की सांग."
तो फिनिशमध्ये मोजायला लागला, युक्सी, काक्सी,
धक्क्यावर दोर सोडताना मोजावं तसं, घाई न करता.
दहाच्या पुढे आजीने मला शिकवलं नव्हतं,
त्यामुळे किती वेळ गेला ठाऊक नाही.
उजवीकडे. मग कुशीवर. मग उठून बसायचं.
त्याने माझ्या गाऊनच्या पट्ट्यात बोटं अडकवली.
चेहरा मात्र त्याला जमला नाही,
घाबरला होता बिचारा.

नंतर कॉफी करतो म्हणून तो गेला, चुकून गॅरेजात,
आणि बराच वेळ आला नाही.
"ही तिसरी फळी, वर्ना," आतून आवाज,
"उलटी लावलीयस."
"सात वर्षं झाली," मी म्हटलं,
भिंत धरून, त्या दिशेने.